साळवे बाईंचं ताट

अन्वी आणि ईशान,

मागच्या रविवारी फोनवर अन्वी फार चिडलेली होती. मैत्रिणींबरोबर ती कुठल्याशा हॉटेलात जेवायला गेली होती. त्या हॉटेलच्या म्हणे तुमच्याकडे गावोगाव शाखा आहेत आणि सगळीकडे तेच पदार्थ, तीच चव. अन्वीने मांस सोडल्याला आता वर्ष होत आलं. तिने सॅलड मागितलं, त्यात मांसाचे तुकडे निघाले. तिने ते परत पाठवलं, तर आतून तीच बशी तुकडे वेचून बाहेर आली. "आजी, माझी अडचण काय आहे हेच त्या माणसाला कळत नव्हतं गं," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती आणि मागे ईशान खिदळत होता. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिले. कारण हे सगळं मी एकदा पाहिलेलं होतं. "पीस काढले की बाई, आता ह्यो रस्सा व्हेजच झाला," असं आमच्या इकडच्या एका वाढप्याने मोठ्या समजूतदारपणे सांगितलं होतं.

ज्यांना सांगितलं त्या साळवे बाई. त्यांच्याबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही. त्यांना ओळखणारं आता माझ्याशिवाय फारसं कोणी उरलेलं नाही, आणि माझी आठवणही पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. म्हणून आहे तोवर लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. जन्मभर मी तेच शिकवलं. पण साळवे बाई इंग्रजीत बोलायला लागल्या तर त्या साळवे बाई राहणार नाहीत. अडेल तिथे आईला विचारा.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालना तेव्हा स्वतंत्र जिल्हा झालेला नव्हता. तुमच्या आजोबांच्या नोकरीमुळे आम्ही तिथे आलो आणि मी मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. यमुना साळवे गणिताच्या बाई. बुटक्या, सावळ्या, काठाची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. चालताना जरा पुढे झुकायच्या, उतारावरून चालल्यासारख्या. त्यांच्या वर्गात उत्तर बरोबर आलं की मुलगी सुटायची नाही. "ताळा केला का?" हा प्रश्न यायचाच. उत्तर उलटं तपासून पाहायचं, जुळलं तरच खरं मानायचं. ही सवय फळ्यापुरती नव्हती. खुर्चीचे पाय हलवून पाहिल्याशिवाय त्या तिच्यावर बसत नसत. बसची पाटी वाचल्यावरही कंडक्टरला विचारत. कंडक्टरने सांगितल्यावर ड्रायव्हरला.

त्या मांस खात नसत. अंडंही नाही. आमच्या शिक्षकखोलीत याचं फार नवल होतं, कारण साळवे बाई बौद्ध घरातल्या होत्या आणि त्या घरात काय शिजत असणार हे न बघताच सगळ्यांना माहीत होतं. आमच्या मुख्याध्यापिका मनाने वाईट नव्हत्या. एकदा डबे उघडल्यावर त्या कौतुकाने म्हणाल्या, "साळवे बाई, तुम्ही आमचे संस्कार किती छान उचललेत."

साळवे बाईंनी तोंडातला घास पुरा केला. "उचललं काहीच न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या बापानं होतं ते खाली टाकलं. लई जड होतं."

मुख्याध्यापिकांना ते कळलं नाही. मलाही त्या दिवशी पुरतं कळलं नाही. पुढे कधीतरी बसमध्ये त्यांनी उलगडून सांगितलं. त्यांचं गाव बदनापूरजवळचं. गावात कुणाचं ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम त्यांच्या लोकांवर होतं आणि त्याचं मांस हीच मजुरी. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी, सखाराम साळव्यांनी, धम्म स्वीकारला आणि गावाला सांगितलं, आता ओढणार नाही आणि खाणारही नाही. गावाने काम बंद केलं, किराणा बंद केला. त्या दिवसांत घरात नुसता पाला उकडून खाल्ला. तेव्हा वडिलांनी पोरांना समोर बसवून शपथ घातली. "मेलेल्याचं न्हाई, मारलेल्याचं बी न्हाई. कुणाला बोट दाखवायला जागाच ठेवायची न्हाई."

यमुना तेव्हा लहान होती. पण शपथ तिने मोठ्या माणसासारखी धरली. पुढे ती शिकायला बाहेर पडली, नोकरीला लागली. दर खेपेला घरी गेली की वडील आधी एकच विचारायचे, "बाहेर काय खाल्लं?" त्यांना वाचता येत नव्हतं. लेकीच्या शाळेत काय चालतं ते त्यांना कळत नव्हतं. हे एक मात्र कळत होतं. ती जे खरं असेल ते सांगायची आणि ते मान हलवायचे.

त्यांच्या भावकीतही त्यांना सुख नव्हतं. एका लग्नात मी त्यांच्याबरोबर गेले होते. पंगतीत मटण आलं तशी त्यांनी ताटावर हात धरला. त्यांची आत्या वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमची यमुना बामणीण झाली गं बया! भात तरी खाशील का त्यो बी इटाळला?"

"भात वाढ की आत्या. तुझ्याच पंगतीत बसले ना? बामणीण बसली असती का?"

आत्या हसली, सगळी पंगत हसली. साळवे बाईंनी मीठ-भात-ताक खाल्लं. परत येताना त्या मला म्हणाल्या, "जाधव बाई, हितलेबी समजतात तिकडं गेले, आन तिकडले समजतात त्यांच्याकडं आले. मी तर हाय तिथंच हाय."

आमच्या शाळेचं वसतिगृह नवं होतं आणि मुली मिळवायला आम्हा शिक्षिकांना खेड्यांतून हिंडावं लागायचं. कधी बदनापूरकडे, कधी अंबडवरून शहागडकडे. त्यामुळे बाहेर जेवणं आलं. दोन बायकांनी हॉटेलात जाऊन जेवायचं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. सगळे माना वळवून बघत.

जुन्या जालन्यात धान्याच्या आडतीच्या गल्लीत एक शुद्ध शाकाहारी भोजनालय होतं. साजूक तुपाचा वास बाहेरपर्यंत यायचा. मला वाटलं, साळवे बाईंना याहून चांगली जागा कुठली? मीच त्यांना घेऊन गेले. मालक गल्ल्यावर होते. त्यांनी आदराने मला नाव-गाव विचारलं, मग साळवे बाईंना. त्यांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. नेहमी सगळं पुरं सांगायच्या. मालक जरा थांबले. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "बसा ना बाई, बसा. फक्त ताटं घासायची राह्यलेत. तुमाला पत्रावळीवर चालंल का?"

त्यांच्या मागे फळीवर स्टीलच्या ताटांची चळत होती. वरच्या ताटातून अजून पाणी ठिबकत होतं.

"चालंल की," साळवे बाई म्हणाल्या. "दोघींना बी पत्रावळच द्या."

"एकच हाय बाई."

"मंग राहू द्या."

आदल्या दिवशीच आमच्या घरी मटण झालं होतं. ते खाणारी मी तिथे ताटाची धनी होते, आणि लहानपणापासून बोकडाचं नख न चाखलेल्या बाईला ताट नव्हतं. मी भांडले. कायदा काढला, पोलीस काढले, रागाच्या भरात इंग्रजीही बोलले. मालक हात जोडून म्हणत राहिले, "म्या कुठं न्हाई म्हणलो? बसा म्हणलो की!" खरंच, ते नाही म्हणालेच नव्हते. धरायला कुठे काही नव्हतंच. जेवणारे लोक वरण-भात कालवत माझ्याकडे बघत होते. साळवे बाईंनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. "भांडून घेतलेलं वरण पचत न्हाई," त्या म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही शेंगदाणे खाऊन शाळेत गेलो.

मग उरलं नवरंग.

नवरंग हॉटेल हनीफभाईंचं. जालन्याला स्टेशनच्या रस्त्यावर, बदनापूरला स्टेशनसमोर आणि शहागडला हमरस्त्यावर, ट्रक थांबतात तिथे. तिन्हीकडे निळी पाटी, पांढरी अक्षरं. मसाला जालन्यात हनीफभाईंच्या घरी त्यांची आई कुटायची आणि तो डबे भरून एसटीच्या टपावरून बाकीच्या दोन ठिकाणी जायचा. "तीनो जगह एकच चव. आँख बंद करके खाओ, कौनसा गाव हाय सांगता येणार न्हाई," असं हनीफभाई अभिमानाने सांगायचे. अन्वी, तुझ्या त्या हॉटेलाची ही आमच्याकडची आवृत्ती.

हनीफभाईंनी साळवे बाईंना नाव विचारलं ते हाक मारता यावी म्हणून. ताट पुसून समोर ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला. "बैठो बाई, क्या खायेंगे?" आणि इथे पेच सुरू झाला. कारण नवरंगमध्ये खिमा होता, रस्सा होता, कलेजी होती, अंडाकरी होती. बसायला जागा होती, मान होता, खायला काही नव्हतं. जिथे खाण्याजोगं होतं तिथे ताट मिळत नव्हतं आणि जिथे ताट मिळत होतं तिथे खाण्याजोगं नव्हतं.

तुकडे वेचून रस्सा व्हेज करणारा वाढपी याच नवरंगमधला. साळवे बाईंनी त्याला विचारलं, "बाबा, मांस शिजलं ते ह्याच पाण्यात ना?" तो म्हणाला, "पाणी तर साधंच होतं बाई, हापशाचं."

शेवटी हनीफभाईंनी हुकूम काढला. तिन्ही शाखांत बाईंसाठी वेगळं पातेलं, वेगळा डाव, साधी तुरीची डाळ. बायकांसाठी एका कोपऱ्यात पडदा लावलेला असायचा. आम्ही त्याच्या आड बसलो की साळवे बाई पडदा सारायला लावायच्या. "मला चूल दिसली पायजे." डाव कुठल्या पातेल्यात जातो ते बघितल्याशिवाय पहिला घास नाही. वाढपी एकमेकांत म्हणायचे, "इन्स्पेक्टर बाई आल्या रे!" पण त्यांचं पातेलं ते वेगळं ठेवायचे. डाळ पाणचट असायची. त्या कधी तक्रार करत नसत.

शहागडला आचारी होता किसन. जवळच्याच खेड्यातला, शेतकरी घरातला. भावांमध्ये त्याच्या वाट्याला शेत फारसं उरलं नव्हतं, म्हणून चुलीपुढे उभा राहिला. मोठा हळवा माणूस. कुणी ताटात टाकून उठलं की त्याचा चेहरा पडायचा. साळवे बाई जेवत असताना तो मधूनमधून बाहेर येऊन बघायचा.

एका पावसाळ्यात असं झालं की शहागडची डाळ एकदम चवदार लागायला लागली. साळवे बाईंनी त्याला बोलावून सांगितलं, "किसन, तुझ्या हाताला चव आली बघ." तो लाजला. पुढच्या खेपेलाही तशीच. मी एक चमचा घेऊन पाहिला. माझ्या समोर मटणाचं ताट होतं, तोंडाला तीच चव होती, मला काही वेगळं कळलं नाही. साळवे बाईंनी घरी वडिलांनाही सांगितलं होतं, शहागडची डाळ लई झ्याक असते म्हणून.

मग एका दुपारी भाकरीचा तुकडा डाळीत बुडवताना त्या थांबल्या. बोटांनी काहीतरी काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. हाडाची कपची होती, नखाएवढी.

मी ओरडणार होते. त्यांनी हाताने थांबवलं. किसन चुलीपाशी उभा होता. त्याने ते पाहिलं आणि डाव हातात तसाच घेऊन बाहेर आला.

"किसन, ह्ये काय?"

त्याने डाव खाली ठेवला. मग एकदम म्हणाला, "बाई, तुम्ही त्ये फिक्कं पाणी खाऊन राह्यल्या, मला बघवंना. सगळे मस्त खातेत, आन तुमच्याच ताटात काही न्हाई. म्या म्हणलं, एक डाव रस्सा टाकला तर कुणाला कळतंय? चव तर लागंल."

"आजच टाकला का?"

त्याने मान खाली घातली. "न्हाई."

"म्हणजे म्या झ्याक म्हणलं तवा बी?"

"तुम्ही झ्याक म्हणल्या म्हणूनच पुन्हा टाकला बाई."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं होतं. "भाईला सांगू नका. काढून टाकतील."

साळवे बाई ताटाकडे बघत होत्या. पडदा सारलेला होता, चूल दिसत होती, डाव वेगळा होता. त्यांनी करायचा तेवढा ताळा केला होता. वैऱ्याने केलं असतं तर त्यांना उत्तर देता आलं असतं. हे मायेनं झालं होतं.

"तुझ्या भाईला न्हाई सांगत," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या बापाला सांगावं लागंल."

मी परतीच्या वाटेवर त्यांना पुष्कळ समजावलं. म्हटलं, नकळत झालेलं ते; शपथ मोडली असं कसं म्हणता? म्हाताऱ्या माणसाला सांगून काय मिळणार? त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "त्ये विचारतील ना," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी आम्हाला त्यांच्याच गावाकडे मुलींसाठी जायचं होतं. सखाराम साळवे अंगणात तूर निवडत बसले होते. उन्हाने रापलेले, हाडकुळे, पांढरं धोतर स्वच्छ. मला त्यांनी खाट दिली. लेकीला पाणी दिलं आणि नेहमीचं विचारलं, "बाहेर काय खाल्लं?"

साळवे बाईंनी सांगितलं. सगळं, क्रमाने, किसनच्या रडण्यासकट. वडिलांचा सुपातला हात थांबला.

त्यांनी विचारलं, "ताटात वाढलं व्हतं?"

"ताटात. सगळ्यांसारखं."

कोंबडी सुपाजवळ आली, तिला त्यांनी हाकललं नाही. मग खाली बघतच त्यांनी विचारलं, "चव लागली?"

मला वाटलं, आता ती नाही म्हणेल. एवढं तरी नाही म्हणावं असं मला फार वाटलं.

"लागली," साळवे बाई म्हणाल्या.

"मला बी लागायची," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर शपथ घ्यावी लागली पोरी."

त्यांनी पुन्हा तूर निवडायला घेतली. रागावले नाहीत, क्षमा केली असंही काही बोलले नाहीत. त्या दिवसानंतर मात्र त्यांनी लेकीला तो प्रश्न कधी विचारला नाही. पुढच्या खेपेला पाणी दिलं, पीकपाण्याचं बोलले, बस कधीची आहे ते विचारलं. ते नाही विचारलं. त्यांनी तिला मोकळं केलं की तिच्यावरून हात काढला, हे मला आजही सांगता येत नाही. साळवे बाईंनाही आलं नाही. एकदा शिक्षकखोलीत वह्या तपासता तपासता त्या मध्येच म्हणाल्या, "आता कुणी विचारतच न्हाई, मंग ताळा कुठं करायचा?" मी काहीतरी बोलले असेन. उपयोगाचं नक्कीच नव्हतं.

त्यांनी बाहेरचं खाणं बंद केलं. हिंडायचं तर होतंच, म्हणून डबा न्यायला लागल्या. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. पण हॉटेलात डबा कसा उघडायचा? नवरंगच्या भिंतीवर 'बाहेरचे पदार्थ आत आणून खाऊ नयेत' अशी पाटीच होती. जालन्याच्या शाखेत त्या माझ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या, तेव्हा हनीफभाई आले. साळवे बाईंनी पोटाच्या पथ्याचं काहीतरी सांगितलं. किसनचं नाव घेतलं नाही. हनीफभाईंनी पिशवीतला डबा पाहिला आणि पाटीकडे पाहिलं.

"पाटी ट्रकवाल्यांसाठी हाय बाई," ते म्हणाले. "पन डब्यात नका खाऊ. मेहमान डब्यात खातेत का?" आणि आत आवाज दिला, "बाईला ताट लगाव!"

रिकामं, पुसलेलं ताट आलं. साळवे बाईंनी त्यात आपली भाकरी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी मसाल्याच्या डब्यांबरोबर बदनापूरला आणि शहागडला निरोप गेला असावा, कारण तिथेही तसंच ताट यायला लागलं. त्यानंतर पडदा सारायला त्यांनी कधी सांगितलं नाही. चूल बघण्याची गरजच उरली नव्हती.

तुमच्या आजोबांची बदली ठरली त्या महिन्यात आम्ही शेवटचं एकत्र शहागडला गेलो. मी पहिल्यांदाच तिथे मटण मागवलं नाही, चहा घेतला. ताट आलं. साळवे बाईंनी डबा उघडला, भाकरी काढली. किसन आतच होता. हाड निघाल्यापासून तो त्यांच्यासमोर येत नसे. त्यांनी भाकरीची निम्मी मोडली, वर चटणी ठेवली आणि वाढप्याच्या हाती दिली.

"किसनला नेऊन दे. म्हणावं, घरची हाय. मीठ कमी पडलं असंल."

वाढपी क्षणभर घोटाळला. साळवे बाईंच्या लोकांच्या हातची भाकरी किसनच्या घरातलं कुणी खात नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. साळवे बाईंनाही. मग तो आत गेला. मी जिथे बसले होते तिथून किसनची नुसती पाठ दिसत होती. त्याने भाकरी दोन्ही हातांत घेतली. चुलीकडे तोंड करून उभा राहिला. त्याने खाल्ली की नाही, ते मला दिसलं नाही. साळवे बाई तिकडे बघतच नव्हत्या. त्या आपल्या ताटात, मान खाली घालून, सावकाश जेवत होत्या.

पुढे त्यांचीही परभणीकडे बदली झाली. आता त्या नाहीत. जालन्याचं नवरंग मोडलं, तिथे मोबाइलचं दुकान आहे. शहागडचं रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं.

बदनापूरचं आहे. गेल्या हिवाळ्यात तुमच्या मामाबरोबर मी तिकडून जात होते, पथ्याचा डबा बरोबर होता. आत बसून मी तो उघडला. मालक नवे, पोरं नवी, मला कोणी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. एकाने न विचारता पुसलेलं रिकामं ताट आणून माझ्यासमोर ठेवलं. मी विचारलं, हे का? तो म्हणाला, "डबा आणला की ताट द्यायचं, आमच्याकडं पहिल्यापासून हाय तसं."

— आजी